एकाच आवाजातलं ‘चालेल’

आई गेल्यावर आमच्या घरी पुष्कळ लोक रडले, पण ते सगळे बाहेरचे होते. सातारची आत्या रडली, शेजारच्या काकू रडल्या, दूध घालणारा गवळीसुद्धा किटली खाली ठेवून उपरण्याने डोळे पुसून गेला. अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि मी तेवढे कोरडे राहिलो. अण्णा पुरुष, म्हणून त्यांचं कौतुक झालं. केवढा धीराचा माणूस, असं. माझ्याबद्दल जे बोललं गेलं ते दबक्या आवाजात. “पोरीच्या डोळ्यांत टिपूस नाही हो,” असं कोणीतरी म्हणाल्याचं मी चहा गाळता गाळता ऐकलं. मला त्याचं काही वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं, एवढं मात्र समजत होतं. दाढ काढताना भूल देतात आणि मग घरी आल्यावर आपण गालाला बोट लावून बघतो. बोटाला गाल कळतो, पण गालाला बोट कळत नाही. ते तसं माझं कितीतरी महिने चाललं होतं. कॉलेजात जात होते, नोट्स काढत होते, आमटीला फोडणी देत होते, आणि या सगळ्याला बोट लावून बघत होते.

तेव्हा कर्वेनगर म्हणजे गाव संपल्यानंतरची जागा होती. आज जिथे एकावर एक मजले आहेत आणि खाली गाडी लावण्यावरून भांडणं होतात, तिथे आमच्या सोसायटीचे सारखे दिसणारे छोटे बंगले होते आणि पलीकडे वारज्याकडे थेट शेतं. खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे फरशी घातलेली पडवी आणि बाहेरून जिना असलेली वर एक खोली. आई आजारी पडली ती हृदयाने. तिला झोप लागायची ती तुकड्यातुकड्याने, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की लागलेली झोप मोडायची नाही. म्हणून आमच्या घराने आवाज करणं सोडून दिलं. अण्णा फाटकापासूनच चपला हातात घेऊन यायचे. दाराच्या कडीला मी जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली होती. कुकरची शिट्टी नको म्हणून कुकर मागच्या पडवीत स्टोव्हवर लावायचा, पावसाळ्यात छत्री धरून. भांडं ओट्यावर ठेवताना खाली फडकं, झाकण ठेवायचं ते आधी एका कडेने टेकवून मग अलगद सोडायचं. बांगड्या कोपरापर्यंत वर चढवून ठेवायच्या, म्हणजे किणकिणत नाहीत. आणि आईला मीठ वर्ज्य होतं, तिच्यासमोर बसून आपण खारं खायचं कसं, म्हणून सगळ्यांचाच स्वयंपाक अळणी. ज्याला हवं त्याने पानात वरून घ्यायचं. काही दिवसांनी ते वरून घेणंही आम्ही विसरलो. आई गेली आणि हे सगळं तसंच पुढे चालू राहिलं. आता याची गरज उरलेली नाही असं कोणी कोणाला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर हे काही चालू आहे, हेच आम्हा दोघांच्या लक्षात नव्हतं.

अण्णा सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासायचे. छापून येणाऱ्या कागदावरची वेलांटी चुकली की ती त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायची. घरात मात्र ते फारसं बघत नसत. आम्ही दोघं जेवायला समोरासमोर बसायचो आणि आमचं संभाषण म्हणजे “भात वाढू?” “वाढ.” “उद्या उशीर आहे का?” “नाही.” एवढंच. आमच्यात भांडण नव्हतं, दुरावाही नव्हता. एकाच आजाराची दोन माणसं एकाच दवाखान्याच्या बाकावर बसलेली असतात, तशी आम्ही बसत होतो.

वरची खोली रिकामी होती. छापखान्यातल्या कोणाच्या तरी ओळखीने तिथे निमाताई राहायला आली. मूळची अकोल्याकडची, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, सावळी, हाडापेराने मजबूत. आणि पुण्यात सिनेमातला अभिनय शिकायला आलेली. हे तिने सांगितलं तेव्हा अण्णांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. “अभिनय शिकावा लागतो? आमच्या ऑफिसात सगळे उपजतच करतात.” निमाताई मोठ्याने हसली. त्या घरात किती दिवसांनी कोणी असं हसलं होतं कोण जाणे. मी दचकून आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं, कोणी जागं तर झालं नाही ना म्हणून.

तिच्या येण्याने वर आवाज सुरू झाले. सकाळी ती खलबत्त्यात ठेचा कुटायची, धाड धाड. मग तिचा सराव. ती एकच वाक्य घ्यायची, ‘पाणी दे’ एवढंच, आणि ते कितीतरी तऱ्हांनी म्हणत बसायची: तहानलेल्या माणसाचं, सासूचं, नुकतंच भांडण मिटवायला आलेल्या नवऱ्याचं, मरायला टेकलेल्याचं. तिचं वऱ्हाडी वळण काढून टाकायला तिचे मास्तर मागे लागले होते, त्यामुळे ‘मला’ आणि ‘तुला’ ती जपून, जिभेने चाचपून म्हणायची. चिडली किंवा लाडात आली की मात्र ‘मले’ आणि ‘काहून’ बाहेर यायचं. संध्याकाळी ती खाली यायची, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसायची आणि दिवसभरात काय झालं ते सांगायची. मास्तरांनी आज तोंडावर रुमाल बांधायला लावला आणि म्हणाले, आता फक्त हातांनी सांग की तुला राग आलाय. काल दाराआड उभं केलं; दिसायचं नाही, फक्त आवाजाने सांगायचं. परवा नुसतं खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, पण चालणाऱ्या बाईने नुकतीच काहीतरी वाईट बातमी ऐकली आहे आणि ती घरातल्यांना कळू द्यायची नाही. “नाटकात शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचवायचं असतं,” ती म्हणायची, “इथे कॅमेरा नाकाला नाक लावून उभा असतो. जरा जास्त केलं की खोटं पडतं. मास्तर म्हणतात, तुझा चेहरा फार बोलतो, त्याला जरा गप्प बसव.”

तिने मला सरावाची जोडीदार केलं. ती आतल्या खोलीत दाराआड जायची आणि एक शब्द म्हणायची, मी ओट्याशी उभी राहून ओळखायचं. मला ते सहज यायचं. “घाबरलीस.” “आता खोटं बोलतेयस.” “हे प्रेमाचं आहे, पण समोरच्याला ते नकोय.” निमाताई दारातून डोकं काढून म्हणायची, “तू तर माझ्या मास्तरांच्या वर आहेस.” मला त्यात विशेष वाटत नव्हतं. आजारी माणसाच्या घरी वाढलेल्या मुलीला एका हाकेवरून सगळं ओळखावं लागतं. दुखतंय की नुसता कंटाळा आलाय, की काही हवंय पण मागायचा संकोच होतोय. आज माझी नातवंडं मोबाइलवर मालिका लावतात तेव्हा मी स्वयंपाकघरात असले तरी मला समजतं, कोणती नटी खरं बोलतेय आणि कोणती नुसती स्वर चढवतेय. नातू म्हणतो, आजी, तू बघ तरी. मी म्हणते, बघितलं की फसायला होतं रे, त्या फार सुंदर असतात.

एकदा निमाताई म्हणाली, “आता तू जा दाराआड.” मी गेले. “काय म्हणू?” “तू दिवसभर म्हणतेस तेच. ‘चालेल’ म्हण. आधी आनंदाने.” मी म्हटलं. “आता रागाने.” म्हटलं. “आता असं, की मनात नाही पण म्हणावं लागतंय.” तेही म्हटलं. मला वाटलं होतं मी छान वेगवेगळं म्हणतेय. बाहेरून काही आवाज आला नाही म्हणून मी डोकावले. ती उंबऱ्यात गुडघ्याला मिठी मारून बसली होती. “विजू,” ती म्हणाली, “तू सगळं एकाच आवाजात म्हटलंस गं.” मी म्हटलं, “मला कुठे नटी व्हायचंय?” आणि पडवीत कुकर बघायला गेले.

याच सुमारास सातारची आत्या आली. आत्या प्रेमळ होती, हे आधीच सांगितलं पाहिजे. तिने जे केलं ते माझ्या काळजीनेच. तिचं म्हणणं होतं की घरात मृत्यू झाला की लग्न एक तर वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. आणि आई नसलेल्या मुलीला तीन वर्षं घरात ठेवणं काही बरं नाही. तिने साताऱ्याचं एक स्थळ आणलं होतं. मुलगा बँकेत, घरचं घर, माणसं शांत. “मुलीला काही विचारायचं नाही का, दादा?” असं तिनेच म्हटलं, म्हणजे बघा. अण्णांनी मला बोलावलं. “विजू, आत्या म्हणते ते तू ऐकलंस. तुझं काय?”

“चालेल,” मी म्हटलं.

“कॉलेज मध्येच सोडावं लागेल.”

“चालेल.”

आत्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. “गुणाची पोर आहे.” मुलगा आणि त्याचे आईवडील येऊन बघून गेले. मी पोहे केले, त्यांनी पोह्यात मीठ मागितलं, मी दिलं. सगळं ठरत आलं. मी माझ्या मनाला बोट लावून बघितलं. काही कळलं नाही.

निमाताई मात्र अण्णांकडे गेली. मी मागे भांडी घासत होते, मला ऐकू येत होतं. “अण्णा, तुम्ही तिला परत एकदा विचारा.”

“विचारलं. चालेल म्हणाली.”

“ती चहाला चालेल म्हणते ना, तसंच म्हणाली ती.”

“मग कसं म्हणायला हवं होतं? तुमच्या वर्गात शिकवतात तसं?” अण्णा तिरकसपणे बोलले, पण तुसडेपणा नव्हता त्यात. मग म्हणाले, “हे बघा, मुलगी मोठी आहे. एकदा विचारलं, तिने सांगितलं. पुन्हा पुन्हा विचारायचं म्हणजे तिच्या शब्दावर विश्वास नाही असं होतं.” निमाताई मागे आली आणि माझ्याजवळ उभी राहिली. मी पातेली धुऊन पालथी घालत होते. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “तू भांडी अशी का ठेवतेस?”

“अशी म्हणजे?”

“आवाज न करता.”

मी हातातल्या पातेल्याकडे बघितलं. ते मी फडक्यावर एका कडेने टेकवलं होतं आणि दुसरी कड सोडायच्या बेतात होते. “सवय आहे,” मी म्हटलं आणि सोडलं. ती आणखी काही विचारेल असं वाटलं होतं. तिने विचारलं नाही. पण त्यानंतर ती उंबऱ्यात बसायची तेव्हा गप्पा कमी झाल्या होत्या आणि ती माझ्या हातांकडे बघत असायची, हे मला दिसत होतं. दिसत होतं इतकंच.

मग तिचं चित्रीकरण सुरू झालं. तिच्याबरोबर शिकणाऱ्या एका मुलाने अभ्यासक्रमाच्या शेवटी करायचा छोटा सिनेमा घेतला होता आणि त्यात ती मुख्य होती. सुरुवातीला ती रोज उतरलेल्या चेहऱ्याने परत यायची. “मूल गेलेल्या बाईचं काम आहे,” ती म्हणाली. “मी इतकी रडले, इतकी रडले की लाइट धरणारासुद्धा रडला. मास्तरांनी बघितलं आणि म्हणाले, ‘पाणी भरपूर आलं, निर्मला. दुःख कुठे आहे?’” पुढे ती बोलायचीच थांबली. सकाळी जायची, संध्याकाळी यायची, जिन्याने वर जायची. खलबत्त्याचा आवाजही बंद झाला होता. माझ्या लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर तेव्हा आमच्या टेबलावर होता. अण्णांनी त्यात लाल शाईने दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते.

सिनेमा तयार झाला तेव्हा निमाताईने आम्हा दोघांना बोलावलं. “दुपारी आहे, आमच्याच छोट्या हॉलमध्ये. लांब नाही. अण्णा, तुम्ही आलंच पाहिजे.” अण्णांनी कोट घातला. सिनेमाला जाताना ते कोट घालत नसत, पण हे कोणाच्या तरी परीक्षेला जाण्यासारखं आहे असं त्यांना वाटलं असावं. हॉल लहान होता, पोरं जमिनीवर बसली होती, आम्हाला कोणीतरी मागच्या खुर्च्या दिल्या. निमाताई कुठे दिसली नाही.

सिनेमा काळापांढरा होता आणि फार मोठा नव्हता. एका गिरणी कामगाराचं घर. तान्हं मूल गेलेलं आहे, हे सुरुवातीलाच समजतं. पाळणा काढून टाकलेला आहे, आढ्याला त्याचे आकडे तेवढे राहिले आहेत. निमाताई घागर घेऊन आत येते. मला वाटलं, आता ती आकड्यांकडे बघेल आणि रडेल. तिने आकड्यांकडे बघितलंच नाही. तिने घागर कडेवर तोलून धरली, दुसऱ्या हाताने बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, पायाने फडकं ओढून घेतलं आणि घागर त्यावर ठेवली, आधी एक कड, मग दुसरी. मग झाकण, तसंच. मग दाराची कडी, तिला बोट लावून, आवाज न होऊ देता. चेहऱ्यावर काही नव्हतं. खरोखर काही नव्हतं. भाजी निवडणाऱ्या बाईचा असतो तेवढाच चेहरा. ती एवढं सगळं जपून करत होती आणि खोलीत झोपलेलं कोणी नव्हतं. हॉलमध्ये इतकी शांतता पसरली की मागे यंत्राची घरघर ऐकू यायला लागली.

मग नवरा येतो. बिचारा भला माणूस असतो. तो विचारतो, “आईकडे जाऊन राहतेस थोडे दिवस?” ती म्हणते, “चालेल.” तो थोडं थांबून म्हणतो, “की इथेच बरं वाटेल तुला?” ती म्हणते, “चालेल.” कोणीतरी पोरगा फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. कारण दोन्ही वेळचं ‘चालेल’ एकच होतं. त्यात चढ नव्हता, उतार नव्हता. तो आवाज माझा होता. निमाताईचा आवाज जाड होता, खर्जातला. पण तिने तो कुठून तरी चपटा करून आणला होता आणि तो मी ओळखला. स्वतःचा आवाज असा बाहेरून, अंधारात, इतक्या लोकांबरोबर ऐकायला येईल असं कधी वाटलं नव्हतं. माझ्या पोटात काही हाललं असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. मी नुसती बघत होते. पण माझ्या शेजारी अण्णा पडद्याकडे बघत नव्हते. ते माझ्या मांडीवरच्या हातांकडे बघत होते. मीही खाली बघितलं. माझ्या बांगड्या कोपरापर्यंत वर चढवलेल्या होत्या.

बाहेर आलो. पोरं निमाताईला गराडा घालून उभी होती, ती लांबून हात करत होती. अण्णा थांबले नाहीत. प्रभात रस्त्याने आम्ही चालत निघालो, बसला न थांबता. ऊन कलतं होतं. अण्णा नेहमी माझ्या चार पावलं पुढे चालायचे. त्या दिवशी शेजारून चालले. मग ते म्हणाले, “त्या बाईच्या हातांना कोणी सांगितलंच नव्हतं.”

आम्ही आणखी थोडं चाललो.

“मीही अजून चपला हातात घेऊन घरात येतो,” ते म्हणाले. “आत्ता लक्षात आलं माझ्या.” आणि मग, रस्त्याकडेच बघत, “विजू, तो साताऱ्याचा मुलगा तुला आवडला का?”

“चा–” इतकं माझ्या तोंडून गेलं आणि मी थांबले. पहिल्यांदाच तो शब्द मला घशात अडकल्यासारखा कळला. त्याच्या जागी दुसरं काय म्हणायचं ते मात्र सापडेना. आम्ही एक अख्खा चौक ओलांडला. “माहीत नाही,” मी म्हटलं. “मला त्याचा चेहराच आठवत नाहीये अण्णा.”

अण्णांनी विचार केला. “मलाही नाही,” ते म्हणाले. “म्हणजे त्यात त्याचा काही दोष नाही.”

पुढच्या रविवारी ते सकाळच्या एसटीने साताऱ्याला गेले. पुढचं जरा आधीच सांगून टाकते, म्हणजे राहून जायला नको. ते लग्न झालं नाही. मी पदवी घेतली, शाळेत शिकवलं, मग माझं मी लग्न केलं, तेही उशिराच. निमाताईला मुंबईत कामं मिळाली, पण बहिणीची, परिचारिकेची, नायिकेच्या मैत्रिणीची. तिच्या नावावर कोणी तिकीट काढलं नाही. तरी पडद्याच्या कोपऱ्यात ती नुसती दार उघडून उभी राहिली तरी मला समजायचं, या बाईला आत काय चाललंय ते माहीत आहे. गेल्या वर्षी ती गेली. तिच्या मुलीने फोन केला, आणि फोन ठेवल्यावर मी ताबडतोब, भर बैठकीत, सुनेसमोर, लहान पोरासारखी रडले. आईसाठी मी रडले ती पुष्कळ वर्षांनी, भाजी बाजारात, कारण काहीच नव्हतं. एका बाईने मुलीला ‘हळू ठेव गं’ म्हटलं होतं. पण या सगळ्याआधी आलं ते रडू नव्हतंच. ते मला सांगायचंय.

तो रविवारच होता. अण्णा साताऱ्याला गेलेले. दुपारी माझी एक मैत्रीण आली आणि म्हणाली, “तुमच्या वरच्या ताईंचं केवढं नाव झालंय गं! माझा भाऊ होता तिथे. तिच्या मास्तरांनी सगळ्यांसमोर उभं केलं म्हणे तिला आणि म्हणाले, ही बाई शोधून काढायला तुला किती कष्ट पडले असतील.” मैत्रीण गेली. मी तांदूळ निवडत होते. आधी माझे कान गरम झाले. मग बघते तर निवडलेले खडे मी परत तांदळातच टाकत होते. मला वाटलं ताप येतोय. सूप बाजूला ठेवलं आणि मी उठले, जिना चढले आणि दार न वाजवता आत गेले.

निमाताई खिडकीत केस विंचरत बसली होती. “शोधून काढलीस?” मी म्हटलं. “कुठे शोधलीस? सांग ना! आमच्या स्वयंपाकघरात शोधलीस ना?”

ती उठून उभी राहिली. “विजू...”

“ते माझं होतं! माझी आई होती ती! तू काय मूल घातलंस तिथे? पाळणा घातलास? आणि टाळ्या घेतल्यास? मला विचारलंस का? एकदा तरी विचारलंस?” माझा आवाज कुठवर गेला होता ते मला कळत नव्हतं. तो फाटत होता, वर जाऊन चिरकत होता, मला तो धरता येत नव्हता. “उंबऱ्यात बसून बघत होतीस तू! मला वाटलं माझ्यासाठी बसतेस!”

निमाताईचा चेहरा, जो एवढा बोलायचा, तो पांढरा पडला. “खरं सांगते,” ती म्हणाली. “तुझ्यासाठी नाही केलं मी ते. माझ्यासाठीच केलं. मले येत नव्हतं. रोज येत नव्हतं. आन् तू इथं रोज समोर...” तिचं ते जपून चाचपलेलं बोलणं सुटून गेलं होतं. “मी विचारायले पाहिजे होतं. चुकलं माझं. पण विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? सांग. काय म्हणाली असतीस तू?”

मी तोंड उघडलं. मी काय म्हणाले असते ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. त्याने माझा राग दुप्पट झाला. तिचा खलबत्ता कोपऱ्यात होता, तो फेकावा असं वाटलं, उचलवला नाही. मग मी तिला नको नको ते बोलले. ते इथे लिहीत नाही. आत्याबद्दल बोलले, त्या बँकेतल्या मुलाबद्दल बोलले, डॉक्टरांबद्दल, आईबद्दलसुद्धा बोलले, की तिला थोडं थांबायला काय झालं होतं. निमाताई भिंतीला टेकून ऐकत होती आणि मी दम घ्यायला थांबले की म्हणायची, “हाव. बोल. अजून बोल.” तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, वळून लपवतही नव्हती.

किती वेळ गेला माहीत नाही. बाहेर उन्हं उतरली होती. मी गप्प झाले तेव्हा खालून अण्णांचा आवाज आला. ते साताऱ्याहून परतले होते आणि कोणाशी तरी बोलत होते. मी जिन्याच्या कठड्यावरून वाकून बघितलं. अण्णा सर्वांत खालच्या पायरीवर बसले होते, पिशवी मांडीवर, चपला पायात. केव्हापासून बसले होते देव जाणे. कुंपणापलीकडे शेजारच्या काकू, त्यांचे यजमान आणि आणखी कोणकोण येऊन उभे होते. “काय झालं हो? विजूचा आवाज ना हा?” काकू विचारत होत्या.

“तालीम चाललीये,” अण्णा म्हणाले.

“केवढ्यांदा ती!”

“हो. चांगली चाललीये,” अण्णा म्हणाले आणि बसून राहिले. मंडळी हळूहळू पांगली.

मग त्यांनी वर न बघताच हाक मारली, दोघी खाली या, मी पिठलं टाकतो म्हणून. अण्णांना पिठलं येत नव्हतं. त्यात गुठळ्या झाल्या आणि खालून लागलं, पण आम्ही तिघंही ते खात बसलो. निमाताईचे डोळे सुजले होते. माझ्या मनातून तिच्यावरचा राग गेलेला नव्हता, पुढे बरेच दिवस तो होता; पण तिच्या पानात भात वाढावासा वाटला तेव्हा मी वाढला. साताऱ्याचं काय झालं, हे विचारायचं धाडस शेवटी तिनेच केलं.

“नाही म्हणून आलो,” अण्णा म्हणाले.

“आत्या काय म्हणाल्या?”

“बरंच म्हणाली. दोन तास. एसटी चुकेल म्हणून उठलो.”

मला काहीतरी बोलायचं होतं. तोंड उघडलं तर घशातून नुसती हवा आली, मग घोगरं, फुटकं असं काहीतरी. “अण्णा, माझा घसा बसला,” मी कसंबसं म्हटलं.

अण्णांनी माझ्याकडे नीट बघितलं, एखाद्या कच्च्या छापाकडे बघायचे तसं, ओळ न ओळ. मग पिठल्याचं पातेलं माझ्याकडे सरकवलं.

“सवय नाही ना ओरडायची,” ते म्हणाले. “होईल.”